माईक कुणाकडे, किल्ली कुणाकडे: स्वयंसेवी मंडळांतल्या नेतृत्वाच्या तऱ्हा

वार्षिक सभा जवळ आली की मंडळामंडळांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘नवीन कुणी पुढे येतच नाही हो!’ बंगळुरूत हे फक्त मराठी मंडळांचं दुखणं नाही. अपार्टमेंटच्या असोसिएशनमध्ये, तळं राखणाऱ्या गटात, कचरा वेगळा करायला शिकवणाऱ्या बायकांच्या टीममध्ये हेच वाक्य कन्नड, तमिळ, हिंदी आणि इंग्रजीत बोललं जातं. बोलणारी मंडळी प्रामाणिक असतात, थकलेलीही असतात. तरी मला ते पटत नाही. माणसं पुढे येत असतात, पण आपल्या डोळ्यांपुढे पुढाऱ्याचं एकच चित्र असतं: हातात माईक, खांद्यावर शाल, समोर हारतुरे. त्या चित्रात न बसणारा माणूस दहा वर्षं काम ओढत राहिला तरी तो ‘मदतीला असतो’. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे आणि टोमण्याचाही. नेतृत्व या विषयावर पुस्तकांची कमी नाही. पगार नसलेल्या, केवळ हौसेने जमलेल्या माणसांत ते ओळखायचं कसं, यावर मात्र फार कमी बोललं जातं. हा आढावा त्या ओळखीपुरता आहे.

शास्त्राने या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला तो एका क्लबातच. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी आयोवा विद्यापीठात दहा वर्षांच्या मुलांचे शाळेनंतरचे क्लब बनवले. एकेका क्लबात पाच मुलं. कामं साधीच होती: मुखवटे बनवणं, साबणावर कोरीव काम करणं, भिंतीवरची चित्रं रंगवणं. क्लबाचा मोठा माणूस आलटून पालटून तीन तऱ्हांनी वागे. कधी हुकूम सोडे, कधी मुलांना विचारून ठरवे, कधी नुसता बसून राही. यातली तिसरी तऱ्हा मुळात योजनेत नव्हती. व्हाइट ‘लोकशाही’ पुढारी म्हणून वागायला गेला आणि हातून सगळंच सुटलं. लेविनच्या लक्षात आलं की ही आणखी एक वेगळीच जात आहे, आणि त्याने तिलाही प्रयोगात जागा दिली. १९३९ मध्ये निष्कर्ष छापून आले. हुकूमशाही क्लबात काम भरपूर होई, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबत, नाहीतर मारामारी सुरू होई. विचारून चालणाऱ्या क्लबात तो बाहेर गेला तरी मुखवट्यांचं काम चालू राही.

या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली. मुलं थोडी होती, काळ महायुद्धाच्या तोंडावरचा होता, लोकशाही जिंकावी अशी प्रयोग करणाऱ्यांचीच मनोमन इच्छा होती. ती टीका रास्त आहे. तरीही पुढारी खोलीबाहेर जातो तेव्हा काय होतं, ही जी कसोटी त्यांनी नकळत हाती दिली, तिच्याइतकी उपयोगी कसोटी नंतरच्या साठ-सत्तर वर्षांच्या साहित्यात मला सापडलेली नाही. रॉबर्ट ग्रीनलीफने १९७० मध्ये सेवक-नेत्याची कल्पना मांडली. जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्सने १९७८ मध्ये देवाणघेवाणीचं नेतृत्व आणि माणूस बदलणारं नेतृत्व असा भेद केला. डॅनियल गोलमनने २००० मध्ये सहा शैली सांगितल्या. बंगळुरूच्या कंपन्यांत या सगळ्यांवर कार्यशाळा होतात, प्रश्नावल्या भरून घेतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपापला रंग किंवा चौकोन घेऊन घरी जातो. गोलमनचं एक मात्र घेण्यासारखं आहे. एकाच माणसाला अनेक शैली जमायला हव्यात आणि प्रसंग पाहून त्या बदलता यायला हव्यात, असं तो सांगतो. प्रश्नावली भरताना नेमकं हेच विसरलं जातं.

ऑफिस आणि मंडळ यांत फरक आहे तो ‘नाही’ म्हणण्याच्या किमतीचा. सोमवार ते शुक्रवार ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं असतात, तो शनिवारी मंडळात येऊन एक्सेलची शीट उघडतो. प्रत्येक नावापुढे काम, कामापुढे तारीख. शीट अगदी उत्तम असते. तिसऱ्या आठवड्यात तिच्यात लाल चौकटी वाढू लागतात. ऑफिसात लाल चौकटीच्या मागे अप्रेझल उभं असतं. इथे मागे कुणीच नसतं. चिडून ग्रुपवर जाहीर विचारणा केली की दोन जण ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणतात आणि तिसरा उत्तरच देत नाही. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिलं होतं की संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, बोलायचं किंवा निघून जायचं, आणि यातलं कधी काय करायचं हे निष्ठा ठरवते. स्वयंसेवी गटात निघून जाणं इतकं सोपं असतं की ते दिसतही नाही. राजीनामा येत नाही, फक्त फोन उचलला जात नाही. म्हणून इथल्या पुढाऱ्याची शैली त्याच्या भाषणात शोधण्यापेक्षा मागच्या वर्षी कोण कोण गप्प झालं हे पाहावं. माणूस लवकर कळतो.

मराठी सार्वजनिक जीवनात या सगळ्याचं एक पाठ्यपुस्तकच पडून आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मी स्वतःपुरता बोलत नाही, माझ्यामागे इतके लोक आहेत, हे आधी दाखवा मग बसा, असा तो नियम. आजच्या कुठल्याही मंडळाने हा नियम लावला तर कार्यकारिणीत किती खुर्च्या भरतील, हा विचार गमतीचा आहे.

या एका सभेत चार तऱ्हेचे पुढारी एकामागोमाग आणि काही काळ एकाच वेळी वावरले. गणेश वासुदेव जोशी हे वकील. सभेसाठी त्यांनी इतकी पायपीट केली की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातमागाच्या खादीत गेले, आणि वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले. पदरमोड करून पडेल ते काम करायचं, हा त्यांचा बाणा. दुसरे न्यायमूर्ती रानडे. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. सरकारी नोकरीत असल्याने त्यांना उघड पुढारीपण करता येणार नव्हतं. पण सभेचा मेंदू तेच होते. १८७८ पासून निघालेल्या सभेच्या त्रैमासिकातले बरेचसे लेख त्यांच्या लेखणीतले. अर्जांचे मसुदे, आकडे, युक्तिवाद हे सगळं त्यांच्या बैठकीच्या खोलीतून निघे. तिसरे गोखले, रानड्यांच्या हाताखाली तयार झालेले चिटणीस. त्यांच्याकडून रानडे मसुदे पुन्हा पुन्हा लिहून घेत. ही शिकवण्याची तऱ्हा होती आणि तिच्यात माया कमी, शिस्त जास्त. चौथे टिळक.

१८९५ मध्ये टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी निवडणुकीत सभेची सूत्रं घेतली. रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. हे भांडण मवाळ-जहाल म्हणून आपण शाळेत शिकतो. मंडळाच्या नजरेने पाहिलं तर ते दोन शैलींचंही भांडण होतं. रानड्यांचं नेतृत्व मान, व्यासंग आणि शांत प्रभाव यांवर चाले. समोरच्याने मतं मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या हाती फार काही उरलं नाही. पंचवीस वर्षं एखादी संस्था घडवणाऱ्या माणसाला एका सभेत हात वर करून बाजूला करता येतं, हे आज बंगळुरूच्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच सभेची माणसं टिळकांच्या प्रेरणेने खेड्यापाड्यांत गेली आणि दुष्काळाच्या कायद्याने तुमचा हक्क काय आहे हे शेतकऱ्यांना सांगू लागली. रानड्यांच्या सभेने उत्तम अर्ज लिहिले असते. टिळकांच्या सभेने लोक उठवले, आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. यात कोण बरोबर होतं हे ठरवायची घाई मला नाही. पण ज्या संस्थेत रानडे आणि सार्वजनिक काका एकत्र होते ती जितकी पुरी होती, तितकी त्यातल्या एकाचीच उरलेली संस्था पुढे कधी झाली नाही, असं मला वाटतं.

गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा मात्र ते रानड्यांच्या वाटेवर राहिले नाहीत. सदस्यांना शपथा, पाच वर्षांची उमेदवारी, आणि ‘पहिला सदस्य’ म्हणून स्वतःकडे मोठे अधिकार. विचाराने मवाळ माणूस संस्थेच्या रचनेत बराच कडक निघाला. विचारधारा आणि कारभाराची शैली यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. समतेवर तासभर बोलणारे अध्यक्ष ग्रुपवर दुसऱ्याला पोस्ट टाकू देत नाहीत, आणि जुन्या वळणाचे म्हणून ज्यांना हसतात ते काका निवृत्त होताना तीन माणसं तयार करून जातात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

याच गोखल्यांचा धागा बंगळुरूपर्यंत येतो, आणि इथल्या मराठी माणसांनाही तो फारसा ठाऊक नसतो. कन्नडमधले मोठे लेखक आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा, सर्वांचे ‘डीव्हीजी’, हे गोखल्यांचे निस्सीम चाहते. त्यांनी गोखल्यांचं कन्नड चरित्र लिहिलं आणि १९४५ च्या फेब्रुवारीत बसवनगुडीच्या बाजूला, बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था स्थापन केली. लोकशाहीत नागरिक घडवावा लागतो, तो आपोआप होत नाही, ही त्यामागची धारणा. डीव्हीजी तिथे अभ्यासवर्ग चालवत. त्यांच्या गीतेवरच्या विवेचनाच्या ग्रंथाला १९६७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये त्यांचा मोठा सत्कार होऊन त्यांना ९० हजार रुपयांची थैली दिली गेली, ती त्यांनी जशीच्या तशी संस्थेला देऊन टाकली. १९७५ मध्ये ते गेले. संस्था चालूच आहे, व्याख्यानं होतात, ग्रंथालय आहे. लेविनच्या कसोटीला इतका स्वच्छ उतरलेला गट बंगळुरूत मला दुसरा चटकन आठवत नाही. हे नेतृत्व शिक्षकाचं. ते गर्दी जमवत नाही, म्हणून गर्दी मोजणाऱ्यांना ते दिसत नाही.

आजचं बंगळुरू या बाबतीत जणू उघडी प्रयोगशाळाच झालं आहे. १९९९ मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेला बंगळुरू अजेंडा टास्क फोर्स हा तज्ज्ञांचा गट होता. २००४ मध्ये सरकार बदललं आणि तो संपला. वरून बसवलेलं वरूनच उठतं, यापलीकडे त्याबद्दल इथे काही बोलायला नको. त्यानंतर खालून जे उगवलं ते जास्त बोलकं आहे.

‘द अग्ली इंडियन’ हा २०१० च्या सुमाराचा गट घ्या. शहरातला एखादा कचऱ्याचा, पिचकाऱ्यांचा कोपरा निवडायचा, सकाळी जमायचं, फावडी-घमेली घेऊन तो साफ करायचा, भिंत रंगवायची, कुंड्या ठेवायच्या आणि निघून जायचं. ब्रीद काय, तर ‘काम चालू, मूंह बंद’. पुढारी निनावी. २०१४ मध्ये बंगळुरूच्या टेडएक्स मंचावर त्यांचा वक्ता चक्क मुखवटा घालून ‘अनामिक नागरिक’ या नावाने बोलला. पुढाऱ्याच्या चेहऱ्याचा कंटाळा आलेल्या शहराला हे फारच आवडलं. भाषण नाही, फोटोसाठी धक्काबुक्की नाही, पक्ष नाही. मलाही हा प्रकार आवडतो, पण एक गोष्ट खुपते. अमेरिकन लेखिका जो फ्रीमन हिने १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्ती गटांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की रचना नसलेला गट असा नसतोच. रचना लपलेली असते, आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही. आजचा कोपरा साफ करायला पुढारी लागत नाही हे खरं. पण उद्याचा कोपरा कोणता, रंगाचे पैसे कुणी दिले, पालिकेशी कोण बोललं, हे कुणीतरी ठरवतंच. तो अनामिक राहिला की त्याचा अहंकार वाचतो, आणि त्याची जबाबदारीही.

याच्या अगदी उलट टोकाला २०१६ चं पोलादी उड्डाणपुलाविरुद्धचं आंदोलन. बसवेश्वर चौकातून हेब्बाळच्या दिशेने जाणारा, १,७९१ कोटी रुपयांचा, आठशेवर झाडं घेणारा तो पूल. १६ ऑक्टोबरच्या रविवारी हजारो लोक रस्त्याच्या कडेने साखळी धरून उभे राहिले. हातात फलक, ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’. ‘सिटिझन्स फॉर बेंगळुरू’ या झेंड्याखाली नाट्य-चित्रपट दिग्दर्शक प्रकाश बेळवाडी यांच्यासारखे आवाज होते, वास्तुविशारद होते, आयटीतले लोक होते. कुणी आकडे काढत होतं, कुणी माध्यमांशी बोलत होतं, कुणी हरित न्यायाधिकरणातल्या खटल्याचं पाहत होतं. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने पूल रद्द केल्याचं जाहीर केलं. एका मोठ्या ‘नको’भोवती माणसं जमवायची तर बुलंद आवाज लागतोच, आणि अशा वेळी ‘सगळ्यांना विचारून ठरवू’ म्हणणारा अध्यक्ष संधी घालवतो. पण २०१९ मध्ये त्या पुलाचा प्रस्ताव पुन्हा डोकावला. ‘नको’ला पहारा लागतो, आणि पहाऱ्याची माणसं साखळीच्या माणसांहून वेगळ्या मातीची असतात.

ती माती पाहायची तर जे. पी. नगरच्या पुट्टेनहळ्ळी तळ्यावर जावं. सुकत चाललेलं तळं वाचवायला २०१० मध्ये शेजारच्या रहिवाशांनी ट्रस्ट केला. पुढाकार लेखिका उषा राजगोपालन आणि त्यांच्या शेजारणींचा. २०११ मध्ये पालिकेशी करार झाला आणि देखभाल त्यांच्याकडे आली. मग वर्षानुवर्षं जलपर्णी काढायची, गार्डचा पगार जमवायचा, मूर्ती विसर्जनाला आलेल्यांशी गोडीने बोलायचं, शेजारच्या गृहसंकुलातलं शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यापर्यंत आणायचं. यात एकही क्षण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा नाही. कचऱ्याच्या बाबतीतही तेच. २००९ पासून चालणाऱ्या ‘सॉलिड वेस्ट मॅनेजमेंट राउंड टेबल’मधल्या बायकांनी मजल्यामजल्यावर जाऊन ‘दोन डबे, एक पिशवी’ शिकवली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तीच पद्धत शहराला लागू केली. हे चिकाटीचं नेतृत्व. बंगळुरूत ते बहुतेक वेळा बायकांचं आहे, आणि सत्कारात ते बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत आहे.

आता आपल्या मंडळांकडे येऊ. गांधीनगरातलं, मॅजेस्टिकजवळचं, शंभरी ओलांडलेलं महाराष्ट्र मंडळ आणि व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत नव्या आयटीवाल्यांची मंडळं यांत एका-दोन पिढ्यांचं अंतर आहे. तरी गणपतीतल्या जेवणाचा दिवस सगळीकडे सारखाच. व्यासपीठावर अध्यक्ष पाहुण्यांचा परिचय करून देत असतात. मागे भटारखान्याच्या दारात आचारी उभा असतो. तीनशे कुपनं गेली आहेत, पण पानं किती उठणार? तो अध्यक्षांकडे बघत नाही, काकूंकडे बघतो. काकू पार्किंगकडे एक नजर टाकून म्हणतात, “अजून चाळीस धरा, वरण वाढवा, जिलबी तेवढीच राहू दे.” सभागृहाची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असते, मागच्या वर्षीचा मांडववाला का बदलला हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि नवी आलेली मुलगी कोपऱ्यात एकटी उभी आहे हेही त्यांनाच दिसतं. त्या कार्यकारिणीत नसतात. विचारलं तर म्हणतात, ‘मला नको बाई ते मीटिंगबिटिंग.’

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय संस्थांचा अभ्यास करून जो पुढारी रेखाटला, तो या काकूंच्या फार जवळचा आहे. तो माया करतो, पण काम करणाऱ्यावर. आधी बोट धरून शिकवतो, माणूस तयार होत गेला की हळूहळू मोकळीक देतो. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या हुकूमशहा आणि लोकशाहीवादी या दोन खणांत तो बसत नाही. सिन्हांचं म्हणणं असं की आपल्याकडे थेट ‘चला, सगळे मिळून ठरवू’ म्हटलं की बरेचदा कुणीच ठरवत नाही. कुणीतरी वडीलधारं लागतं, पण वाढ होऊ देणारं. मराठी मंडळांत ‘काका’ आणि ‘काकू’ ही नुसती नाती नसतात, ती कारभाराची पद्धत असते. धोका तिथेच असतो. पोरगं पंचेचाळिशीला आलं तरी काका बोट सोडत नाहीत, आणि मग ते पोरगं वेगळं मंडळ काढतं. बंगळुरूत मराठी मंडळं इतकी का, याचं एक कारण शहराचा पसारा हे आहेच. दुसरं कारण मी आत्ताच सांगितलं.

आणखी एक जात बंगळुरूतच जास्त दिसते, ती दुभाष्याची. पोलीस स्टेशनची परवानगी, बेस्कॉमचं तात्पुरतं वीज कनेक्शन, शेजारच्या कन्नड संघाशी मिरवणुकीची वेळ ठरवणं, हे सगळं ज्याला अस्खलित कन्नड येतं आणि ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ (जरा सांभाळून घ्या) नेमकं कधी म्हणायचं हे कळतं, तो करतो. मंडळाच्या अहवालात त्याचं नाव ‘विशेष सहकार्य’ या मथळ्याखाली सातव्या क्रमांकावर असतं. बेळगावचा वाद तापला की मंडळाचं बंगळुरूत निभतं ते पुष्कळदा या माणसाच्या ओळखीपाळखीवर.

नेतृत्व शिकवण्याचाच ज्यांनी नियम केला, असे क्लबही इथे पुष्कळ आहेत. राल्फ स्मेडलीने १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनाच्या वायएमसीएत सुरू केलेले टोस्टमास्टर्स आज बंगळुरूच्या कंपन्यांत आणि वस्त्यांत सर्वत्र दिसतात. तिथे एक जण घड्याळ धरून बसतो आणि हिरवं, पिवळं, तांबडं कार्ड दाखवतो. दुसरा वक्त्याचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजतो. तिसरा भाषणाचं मूल्यमापन करतो, आणि मग त्या मूल्यमापन करणाऱ्याचंही मूल्यमापन होतं. पदाधिकारी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदलतात. सगळं थोडं यांत्रिक वाटतं, टाळ्याही जरा जास्तच वाजतात. पण एक गोष्ट आपल्या मंडळांनी उचलावी अशी आहे. तिथे लहान भूमिकेलाही नाव आहे, आणि नाव असल्यामुळे ती पार पाडणारा माणूस सगळ्यांना दिसतो. रोटरीतही दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो. त्यामुळे कामं अर्धवट राहतात ही तक्रार खरी, आणि माजी अध्यक्षांची एक मोठी, कामाला येणारी फळी तयार होते हेही खरं. उत्तर अमेरिकेतलं १९८१ चं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन वेगवेगळ्या शहरांत भरवतं, तेव्हा दर वेळी एका नव्या गावाची टीम जन्माला येते.

मग ओळखायचं कसं? चार गोष्टी पाहाव्यात असं मी सुचवेन. बँकेची सही, ग्रुपची ॲडमिनकी, सभासदयादीचा पासवर्ड आणि सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे. चारही एकाच हातात असतील तर शैली कोणती हे विचारायची गरजच नाही. कार्यकारिणीत कुणी ‘हे मला पटत नाही’ म्हटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं. मिनिट्समध्ये तो विरोध लिहिला जातो की ‘चर्चेअंती एकमताने ठरलं’ असं येतं. आणि अध्यक्ष महिनाभर मुलाकडे अमेरिकेला गेले तर मासिक कार्यक्रम झाला की ‘तांत्रिक कारणास्तव’ पुढे गेला.

दोष शैलीचा कमी आणि मुदतीचा जास्त असतो, असं माझं मत होत चाललंय. मंडळ जन्माला येतं ते एखाद्या हट्टी माणसाच्या जोरावर, आणि तेव्हा तसाच माणूस हवा असतो. पाच वर्षांनी त्याच हट्टापायी माणसं गळू लागतात. रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्ये जर्मनीतल्या समाजवादी पक्षाकडे पाहून लिहिलं की संघटना म्हटली की मूठभरांची सत्ता ठरलेलीच. इतका निराश नियम मी स्वीकारणार नाही, पण कायदा करणाऱ्यांनी तो मनात धरलेला दिसतो. कर्नाटकाच्या १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालच्या संस्थेला दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकाकडे द्यावे लागतात, आणि कारभार फारच बिघडला तर सरकार प्रशासक नेमू शकतं. प्रशासक आला की सगळ्या शैली एकदमच संपतात.

पद सोडलं की प्रश्न सुटला, असंही मात्र नाही. टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा अध्यक्ष झाले जोसेफ बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः कोणतंही पद घेतलं नाही. वीस वर्षांपूर्वी सार्वजनिक सभेची सूत्रं जिंकणाऱ्या माणसात पडलेला हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मोजक्या सहा शाखा, पण बांधणी पक्की. ॲनी बेझंट यांच्या लीगच्या शाखा दोनशेच्या घरात, पण विखुरलेल्या. टिळकांच्या लीगचे सभासद १९१७ च्या एप्रिलपर्यंत १४,००० आणि १९१८ च्या सुरुवातीपर्यंत ३२,००० झाले होते. मग इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावरच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी १९१८ मध्ये टिळक इंग्लंडला गेले. पद त्यांच्याकडे नव्हतंच, त्यामुळे कागदोपत्री लीगमध्ये काहीच बदललं नव्हतं. तरी ते गेले आणि चळवळ मंदावली. इकडे बेझंटबाईंनाही ठाम दिशा देता आली नाही. १९२० मध्ये त्यांच्या लीगचे अध्यक्ष झाले गांधीजी. गोखले गेल्यावर पाच वर्षांपूर्वी भारत सेवक समाजाने ज्यांना सदस्य करून घेतलं नव्हतं, ते.